जुनी वही, नवी वही

परभणी जिल्ह्यातल्या मानवतला अण्णांचे किराणा दुकान होते. लक्ष्मीपूजनाला ते नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढीत आणि पाडव्याला जुन्या वहीतली बाकी तीत उतरवून घेत. दुकान मी पुढे चालवले नाही. संगणकाच्या वाटेला गेलो. पण वही काही सुटली नाही!

२०१९ सालची गोष्ट. शेतकऱ्यांना कापूस-सोयाबीनचे भाव कळावेत म्हणून मी एक लहानसे मोबाईल ॲप चालवीत होतो. ते किती जण उघडतात, काय पाहतात, याची मोजदाद करणारी तयार सामग्री अशा ॲपात बसवतात. तिला एस. डी. के. म्हणतात. गूगलची जुनी सामग्री फुकट वापरणाऱ्यांसाठी ३१ ऑक्टोबरला बंद व्हायची होती. तिच्या जागी फायरबेस बसवायची. लक्ष्मीपूजन २७ तारखेला! फराळाचे ताट बाजूला सारून मी माजघरात संगणक उघडला.

जुन्या ओळी काढायच्या, नव्या घालायच्या, एवढेच काम. जुनी सामग्री पाहिलेली पाने मोजी. नवी प्रत्येक गोष्टीला ‘घटना’ म्हणते, आणि काही घटना तर न सांगताच टिपून ठेवते. मात्र जुने आकडे तिच्यात उतरत नाहीत. रोज येणारा माणूसही तिच्या लेखी नवाच! अण्णा हळहळतील म्हणून मी हे त्यांना सांगितले. त्यांनी भलतेच विचारले,

“गिऱ्हाइकाला ठाऊक आहे का, तू त्याची वही लिहितोस ते?”

मी गप्प झालो. उधारीचा आकडा गिऱ्हाइकाला वाचून दाखविल्याशिवाय अण्णा पान मिटत नसत. माझी वही मात्र पडद्याआड चालली होती.

त्या रात्री मी आणखी थोड्या ओळी लिहिल्या. ॲप उघडताच विचारायचे, ‘तुम्ही काय पाहता याची मोजणी करू का?’ ‘नको’ म्हटले की मोजणी बंद. तशी सोय नव्या सामग्रीत होतीच. वापरायचे तेवढे मला सुचले नव्हते.

पुढे आकडा चांगलाच घसरला. ‘नको’ म्हणणारे कोण, ते मला कळले नाही. कळायचे कारणही नव्हते. उरलेला आकडा मी ओशाळून अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“एवढे जण हो म्हणाले? लई झाले की!” म्हणत त्यांनी करंज्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला.