माझे आजोबा आणि सुतळी बॉम्ब

मी माझ्या आजोबांविषयी लिहीत आहे.

आमचे गाव सटाण्याजवळ आहे. माझे आजोबा मिलिटरीत होते. तोफखान्यात ते हवालदार होते. त्यांचे ट्रेनिंग नाशिकरोड कॅम्पला झाले. आता ते मळ्यात कांदा लावतात.

आजोबा पहाटे चारला उठतात. अंथरुणाची घडी अशी घालतात की एक सुरकुती दिसत नाही. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. तोफेचा आवाज फार मोठा असतो, त्याने कान जातो. हे मला माहीत नव्हते. एकदा मी रागाने त्यांना बहिरे म्हणालो होतो.

यंदा दिवाळीत मी ओट्याजवळ सुतळी बॉम्ब लावला. आजोबा तिथेच मक्याची कणसे सोलत होते. बॉम्ब फुटला तसे त्यांनी मला ओढून खाली पाडले आणि माझ्या अंगावर आडवे झाले. सगळी पोरे हसली. मी पण हसलो. पण आजोबांचे हात थरथर कापत होते. ते उठले, कपडे झटकले आणि काही न बोलता मळ्यात निघून गेले. दुपारी जेवायला पण आले नाहीत.

मी आजीला विचारले. ती म्हणाली, "कसाले इचारस रे भाऊ?" मग तिने पत्र्याची पेटी उघडली. पेटीत जुनी पत्रे होती. १९९९ साली मे ते जुलै कारगिलची लढाई झाली. आजोबा तेव्हा तिकडे होते. त्या लढाईत आपले ५२७ जवान शहीद झाले. पत्रावर गावाचे नाव नसायचे, नुसते '५६ एपीओ' लिहिलेले असायचे. त्यामुळे आजोबा कुठे आहेत ते आजीला कळायचे नाही. आजीला वाचता येत नाही. माझे वडील तेव्हा पाचवीत होते. ते आजीला पत्र वाचून दाखवायचे. प्रत्येक पत्रात 'मी खुशाल आहे' असेच लिहिलेले. एकदा वीस दिवस पत्रच आले नाही. तेव्हा आजीला भाकर गोड लागली नाही.

माझ्या वडिलांचा जन्म झाला तेव्हाही आजोबा सरहद्दीवर होते. त्यांना तारेने कळले. त्यांनी आपल्या मुलाचे तोंड सात महिन्यांनी पाहिले. आजोबांची आई वारली तेव्हाही ते पोचू शकले नाहीत. दहाव्याला आले.

मी भाकरी घेऊन मळ्यात गेलो. आजोबांच्या उजव्या बाजूला बसलो आणि म्हणालो, "आजोबा, मी चुकलो." आजोबा म्हणाले, "मी माझ्यासाठी नाही घाबरलो रे. तू जवळ होतास म्हणून घाबरलो. माझ्यासंगे एक पोरगा होता, तो घरी नाही गेला." मग ते गप्प झाले. आम्ही दोघांनी एका भाकरीचे दोन तुकडे केले आणि खाल्ले.

दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. तो १९४९ पासून पाळतात. त्या दिवशी जमलेले पैसे माजी सैनिकांना आणि शहीद जवानांच्या घरच्यांना मदत म्हणून जातात. माझे फटाक्यांचे वीस रुपये उरले आहेत. ते मी त्या डब्यात टाकणार आहे.

मुलांनो, तुमच्या गल्लीत कुणी फौजी आजोबा असतील तर त्यांच्या दाराशी बॉम्ब लावू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा. माझ्या आजोबांशी बोलायचे असेल तर उजव्या बाजूने बोला.

जय जवान!