इन भायखळा, अ‍ॅट भायखळा

भायखळा

चि. बाळा,


राणीच्या बागेत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी तू लिहिलेलं इंग्रजी पत्रक वाचलं. माहिती चोख आहे. फक्त अ‍ॅट, इन आणि ऑन तू मिठासारखे अंदाजाने टाकलेत.

घोळ आपल्या ‘ला’चा आहे. आपण भायखळ्याला राहतो, भायखळ्याला उतरतो, भायखळ्याला जातो. एका ‘ला’त सगळं भागतं. इंग्रजी मात्र दर वेळी विचारते, त्या जागेकडे बघतोयस कसा? राहणाऱ्याला भायखळा म्हणजे चाळी, गल्ल्या, बाजार यांचा पसारा, आणि तो त्याच्या आत, म्हणून ‘इन’. फास्ट लोकल थांबते तेव्हा तोच भायखळा रुळांच्या रेघेवरचा ठिपका होतो, तिथे ‘अ‍ॅट’. स्टेशनवर कुणाला भेटायचं तरी ‘अ‍ॅट’च, पण प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं तर ‘ऑन’, कारण पायाखाली फरशी आहे.

क्लेअर रोडला तू लावलेलं ‘अ‍ॅट’ मी खोडलंय. दुकान रोडवर असेल तर ‘ऑन’, गल्लीत असेल तर ‘इन’. आपणही तसंच म्हणतो की! ‘स्ट्रीट’ला इंग्रज ‘इन’ लावतात, अमेरिकन ‘ऑन’. त्यांच्या भांडणात आपण कशाला पडा?

खरी गंमत काळ्या घोड्याची. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १८७९ सालचा, म्हणजे स्वारी तेव्हा युवराजच होती. १९६५ साली पुतळा फोर्टातून हलवला, आता तो आपल्या बागेत आहे. तेव्हा राजा ‘ऑन’ घोडा, घोडा ‘इन’ बाग, बाग ‘इन’ भायखळा. ‘अ‍ॅट’ काळा घोडा, म्हणजे फोर्टातल्या त्याच नावाच्या भागात, मात्र २०१७ पासून बिनस्वाराचा दुसराच घोडा उभा आहे. पाहुणा चुकीच्या घोड्यापाशी जाऊन उभा राहायला नको.

खड्या पारशाच्या पुतळ्याला तू ‘अंडर द फ्लायओव्हर’ घातलंस, ते वाचून हसू आलं. टॅक्सीवाल्याला ‘पुलाखाली’ म्हटलं की तो बरोबर पोचवतो, पण पारशीबाबा उभे आहेत पुलाच्या दोन फाट्यांच्या मधोमध, डोक्यावर मोकळं आभाळ. ‘बिटवीन’ लिही. त्यासाठी व्याकरणाचं पुस्तक नको, एकदा खाली उभा राहून वर बघून ये.

बागेलगतचं संग्रहालय १८७२ साली खुलं झालं, तिथे तू ‘ऑन’ लिहिलंयस. सालाला ‘इन’, तारखेला ‘ऑन’. पण काळाचं प्रकरण वेगळं, ते पुढच्या पत्रात. तोवर पत्रक छापायला टाकू नकोस.

तुझी,
मावशी