हमी वस्तूची आणि वेळेची

मुक्या वस्तूंशी माणसाचे सहसा चांगले जमते. पाट्यावरवंट्याने ऐन वेळी दगा दिल्याची तक्रार मी अद्याप ऐकलेली नाही. फार तर त्याला टाकी लावून घ्यावी लागते. वस्तू बोलू लागल्या, आणि त्यातही आपापसांत बोलू लागल्या, म्हणजे मात्र रुसवेफुगवे सुरू होतात. कॅमेऱ्याचे नेमके असेच झाले आहे.

१८९६ साली मुंबईत ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी लंडनहून २१ गिनींना एक चित्रयंत्र मागविले आणि हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. त्या यंत्रात भिंगाने पेटीला काही सांगावयाचे नव्हते, की पेटीने भिंगाला काही विचारावयाचे नव्हते. दोहोंच्या मध्ये माणूस होता, आणि त्याच्या डोळ्याने व बोटांनी सारा व्यवहार चाले. पुढे हा मध्यस्थ हळूहळू बाजूला सरला. १९८७ साली कॅनन कंपनीने भिंगाची अशी जोडणी बाजारात आणली, की भिंगाचे छिद्र लहानमोठे करण्याचा आणि चित्र रेखीव करण्याचा हुकूम विजेच्या संपर्कटोकांवरूनच जाऊ लागला. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हीच रीत आहे. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण या संभाषणात खंड पडला, की उत्तम भिंग आणि उत्तम पेटी यांची मिळून एक निरुपयोगी जोडी होते.

पांढरकवड्याच्या माझ्या भाच्याने पतसंस्थेचे कर्ज काढून असा एक कॅमेरा घेतला. जवळच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांच्या गळ्यात दोनदोन कॅमेरे लोंबत असतात; एक रुसला तर दुसरा असतो. भाच्याचा एकुलता एक, आणि त्यावर लग्नसराईची सारी भिस्त. तुळशीचे लग्न लागले, मुहूर्त सुरू झाले, आणि तिसऱ्या आठवड्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरे उमटली: भिंगाशी संपर्क होत नाही.

“मामा, महिनाभर नाही झाला अजून,” एवढेच तो म्हणाला.

अशा वेळी घाबरलेला मनुष्य एकदम दहा गोष्टी करतो आणि कशाने काय झाले हे त्याला कळत नाही. आम्ही एकेक गोष्ट केली. कॅमेरा बंद करून बॅटरी काढली, थोड्या वेळाने परत घातली. भिंग उतरवून, खट् असा आवाज येईपर्यंत पुन्हा नीट फिरवून बसविले. मग संपर्काची टोके कोरड्या मऊ फडक्याने पुसली. आमच्याकडे काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या आसपास उडणारे कापसाचे तंतू कोठे शिरतील याचा नेम नाही. खोडरबराने घासण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. परंतु या टोकांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो, तो खरवडून मैत्री कशी जुळावी? शेवटी एका मित्राचे भिंग या कॅमेऱ्यावर चढविले, ते बिनतक्रार चालले. हे भिंग मित्राच्या कॅमेऱ्यावर चढविले, तेथेही तोच अबोला. गुन्हेगार सापडला. इतकेच नव्हे, तर भिंग आखडलेले असता काम करी, आणि लांबविले की एका ठराविक जागी आल्यावर संपर्क तुटे. आतली चपटी, लवचीक तारपट्टी दुमडून दुमडून तडकली की हे असेच होते.

गावात एक कसबी कारागीर आहे. त्याने भिंग कानाशी धरून हलविले, आमचे अनुमान बरोबर असल्याचे सांगितले आणि ते तसेच परत केले. “मी उघडले तर कंपनी हात झटकेल. वॉरंटी आहे तोवर मला दाखवू नका.” ज्याला दुरुस्त करता येते त्याने हात लावू नये, आणि ज्याने हात लावावा तो दीडशे किलोमीटरवर नागपुरास, अशी ही व्यवस्था आहे.

नागपुरास भिंग तपासून सांगण्यात आले, की कड्यावर ओरखडा आहे. अर्थी आघात झाला आहे, आणि आघात हमीत बसत नाही. खर्चाचा आकडाही सांगितला. पुढच्याच आठवड्यात दोन लग्ने होती. भाचा पैसे भरावयास तयार झाला होता. मी म्हटले, ओरखडा ही खूण आहे, कारण नव्हे. या ओरखड्यानेच आतली पट्टी तुटली असे आम्हांला लिहून द्या. तोंडी नकार सहज देता येतो. सहीनिशी देताना माणूस विचार करतो. भिंग ठेवल्याची पोच आणि बिलाची नक्कल घेऊन आम्ही परतलो, आणि हीच मागणी पत्राने केली.

त्या रात्री मी कायदा उघडला. १९३० चा मालविक्रीचा कायदा अजून चालू आहे. त्याच्या १२ व्या कलमात अट आणि वॉरंटी यांत भेद केला आहे. व्यवहाराचा मुख्य हेतू जिच्यावर उभा असतो ती अट. ती मोडली तर माल नाकारता येतो. त्या हेतूला जोडून येणारे दुय्यम वचन म्हणजे वॉरंटी. ती मोडली तर केवळ नुकसानभरपाई मागता येते. ज्या शब्दावर आपण एवढा भरवसा टाकतो, तो कायद्याच्या पंक्तीत धाकटा आहे, हे वाचून मला गंमत वाटली.

भाच्याची शंका निराळी होती. तो कॅमेऱ्यावर पैसे मिळवितो, मग त्याला ग्राहक कोण म्हणणार? परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानलेली नाही. जुलै २०२० पासून तक्रारही स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे आमच्यासाठी यवतमाळास. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीदेखील नाही. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, यांपैकी काहीही आयोग फर्मावू शकतो.

आयोगापर्यंत जावे लागले नाही. लेखी कारण आले नाही. अठराव्या दिवशी भिंग मात्र दुरुस्त होऊन आले, बिलावाचून. हमी पाळली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

पण ते अठरा दिवस कोणाच्या हमीत बसतात? अंतरपाट दूर होतो तो क्षण दुरुस्तीस पाठवून परत मागविता येत नाही. एक लग्न भाच्याने भाड्याच्या भिंगावर निभावले, आणि त्यातली बहुतेक कमाई भाड्यात गेली. दुसऱ्यासाठी भाड्यानेही भिंग मिळेना. तेव्हा तो चार दिवस आधी मुलीच्या वडिलांकडे गेला, घेतलेला इसार परत दिला, आणि वणीचा एक फोटोग्राफर ठरवून देऊनच उठला. कारखान्याने वस्तूची हमी छापून दिली होती. भाच्याने दिलेल्या इसाराच्या पावतीवर रक्कम आणि तारीख यांखेरीज एक अक्षर नव्हते. त्याने त्यातली तारीख तेवढी पाळली.