घाटात बसलेली सून



ही माझ्या चुकीची गोष्ट आहे. तीन वर्षांपूर्वी आमची दिंडी ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर दिवेघाट चढत होती. ऊन तापले होते. एकतीस वर्षांची माझी सून अर्ध्या घाटात खाली बसली. म्हणाली, "आबा, पाय जड झालेत, खालची जमीनच कळत नाही." मी म्हणालो, "नामात मन असलं की पाय कुरकुरत नाहीत." ती गप्प राहिली. सावलीत अंग निवल्यावर तिला बरे वाटले, तेव्हा तर मला ती सबबच वाटली.

आधीच्या वर्षी तिचा एक डोळा अधू झाला होता. काही आठवड्यांत आपोआप निवळला आणि आम्ही विसरलो. वारीहून परतल्यावर एमआरआय काढला, तेव्हा आजाराचे नाव कळले: मल्टिपल स्क्लेरोसिस.

डॉक्टरांनी समजावले, विजेच्या तारेवर असते तसे मज्जातंतूंवर वेष्टन असते. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती चुकून ते कुरतडते. मग मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोचत नाही. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो, स्त्रियांत अधिक. एका डोळ्याला धूसर दिसणे, बधिरपणा, मुंग्या, तोल जाणे, कमालीचा थकवा ही लक्षणे येतात, ओसरतात, म्हणून घरच्यांना सोंग वाटते. उन्हाने ती तात्पुरती वाढतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो मुळापासून बरा करणारे औषध आज नाही; पण तो पुन्हा उचल खाऊ नये म्हणून औषधे आहेत, आणि ती लवकर सुरू केलेली बरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

आता सूनबाई पहाटेच्या गारव्यात झेपेल तेवढे चालते, ऊन चढले की दिंडीच्या ट्रकात बसते. वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. गेल्या आषाढीला वाखरीच्या तळावर मी तिच्या पाया पडलो. ज्या पायांना नावे ठेवली होती, तेच पाय. ती म्हणाली, "आबा, हे काय?" मला उत्तर देता आले नाही.

माउली, वाटेत कुणी खाली बसले तर आधी सावली द्या, पाणी द्या, काय होते ते विचारा. आणि घरात कुणाची नजर अशी अचानक अधू झाली, हातपाय बधिर झाले, तर ते आपोआप निवळले तरी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. आमचे एक वर्ष वाया गेले, तुमचे जाऊ नये.