धावत्या घराची काटकसर

नोकरदार घराचा दिवस सकाळी सहा ते आठ या दोन तासांत उभा राहतो. गीझर लागतो, दुधाची पिशवी कापली जाते, कुकरच्या शिट्ट्या होतात, तीन-चार डबे भरले जातात, मशीनमध्ये कपडे पडतात आणि ओल्या केसांनिशी कुणीतरी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवून जिना उतरते. दिवसभरातल्या पाण्याचा, विजेचा आणि गॅसचा मोठा वाटा याच दोन तासांत संपतो. या घाईत कुणी काही ठरवत नसते. हात सवयीने चालतात, आणि सवय लागते ती वस्तूंच्या जागेवरून: बादली कुठे आहे, पिशवी कुठे टांगली आहे, कोणते बटण हाताशी आहे. ज्या कुटुंबाकडे वेळच नाही, त्याला पर्यावरणासाठी रोज वेगळा वेळ काढायला सांगणे निष्ठुरपणाचे आहे. एखाद्या निवांत रविवारी घराची मांडणी थोडी बदलणे मात्र त्याला जमते, आणि पुढचे कितीतरी महिने ती मांडणीच राबत राहते.

सुरुवात ओट्यापासून. एकाच कुकरात डाळ, तांदूळ आणि बटाटे यांचे डबे एकावर एक चढवण्याची मराठी घरांची रीत इंधनाच्या दृष्टीने फार शहाणी आहे. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळते. कुकरात दाबामुळे ते साधारण एकशेवीस अंशांपर्यंत जाते आणि डाळ लवकर शिजते. पूर्ण दाब आला की आच कितीही मोठी ठेवली तरी आतले तापमान वाढत नाही, जास्तीची वाफ शिटीवाटे निघून जाते. म्हणून पहिल्या शिटीनंतर गॅस बारीक करणे ही रोजच्या रोज होणारी बचत आहे, आणि तिला एक सेकंदही जास्त लागत नाही. डाळ रात्रीच भिजत घातली, तर सकाळी शिजायला आणखी कमी वेळ पुरतो. गॅस बंद केल्यावरही कुकरात शिजणे काही काळ चालू राहते. वाफ आपोआप जिरू दिली की ती उष्णता अन्नाला मिळते.

अन्न वाया जाते ते बहुतेक वेळा फ्रिजच्या मागच्या बाजूला. तिथे गेलेली अर्धी वाटी उसळ चौथ्या दिवशी सापडते. डोळ्यांसमोरचा एक कप्पा ‘आधी संपवायचे’ म्हणून ठरवून टाकला आणि उरलेसुरले फक्त तिथेच ठेवले, तर दमून घरी आलेल्या माणसालाही काय संपवायचे ते लगेच दिसते. उरलेल्याचे काय करायचे हे मराठी स्वयंपाकाला शिकवावे लागत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, फोडणीचा भात, आंबट झालेल्या ताकाची कढी, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या घातलेले वाटण हे सगळे पदार्थ टाकण्याच्या टोकावरून परत आणलेले आहेत, आणि त्यांची चव ताज्या पदार्थाच्या पंगतीला बसते. फोडणीच्या पोळीसाठी मुद्दाम दोन पोळ्या जास्त लाटणारी घरे आहेत, यातच सगळे आले. ज्या अन्नामागे शेतकऱ्याचे पाणी, वाहतुकीचे डिझेल आणि घरचा गॅस खर्च झाला आहे, ते ताटात पोचावे, यापेक्षा मोठी बचत स्वयंपाकघरात दुसरी नाही.

न्हाणीघरात आकडे मोठे होतात. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडणारा शॉवर पाच मिनिटांत चाळीस-पन्नास लिटर संपवतो. बादली आणि तांब्याने पंधरा-वीस लिटरमध्ये आंघोळ होते. एक बादली, म्हणजे पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायला सुमारे एक तृतीयांश युनिट वीज लागते. म्हणजे बादली पाण्याबरोबर वीजही वाचवते. जुन्या पद्धतीच्या मोठ्या फ्लश टाकीत पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली ठेवली की प्रत्येक वेळी एक लिटर वाचते. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश होत असेल, तर वीस लिटर. बाटली एकदाच ठेवायची असते. स्वयंपाकघराच्या नळाला एरेटर नावाची छोटी जाळी बसवण्याचे कामही तसेच, एकदाच करायचे.

पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्राबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण ते घाबरून घेतले जाते. अनेक घरगुती यंत्रे एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे सोडून देतात. या यंत्राचे खरे काम विरघळलेले क्षार काढणे हे आहे. क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असलेले पाणी भारतीय मानकानुसार पिण्यास योग्य मानले जाते, आणि त्याहून कमी क्षार असलेल्या ठिकाणी आरओचा वापर थांबवावा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटले. खडकवासला किंवा भातसा-तानसा यांसारख्या धरणांतून येणारे पाणी मुळातच मऊ असते. तिथे जंतू मारणारे अतिनील किरणांचे यंत्र पुरते. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या खारट पाण्यावर भागवणाऱ्या सोसायटीची गोष्ट वेगळी. तिथे यंत्र असू द्यावे, पण त्याची नळी बादलीत सोडावी. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला चालते. कुंड्यांना मात्र ते रोज घालू नये, क्षार मातीत साठत जातात.

विजेचा प्रवास डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिचा धूरही दिसत नाही. महाराष्ट्राची बरीच वीज कोळशातून येते. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. पुण्यातल्या बैठकीच्या खोलीत रिकाम्या सोफ्यावर फिरणारा पंखा आणि चंद्रपूरकरांच्या गच्चीवर बसणारी राख यांचे नाते तारेने जोडलेले आहे. जुना छतपंखा साधारण पंचाहत्तर वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज वाचते. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. जो सर्वांत जास्त फिरतो, तो आधी. एसीबाबत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब सोपा आहे: तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. चोवीस अंश आणि सोबत हळू फिरणारा पंखा, एवढ्यात मे महिन्याची रात्रही शांत जाते.

बाजाराचा प्रश्न स्मरणशक्तीचा आहे. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तरी भाजीवाल्यासमोर उभे राहिल्यावर कापडी पिशवी घरी खुंटीवर असते. ती स्कूटरच्या डिकीत आणि ऑफिसच्या बॅगेत कायमची राहायला गेली पाहिजे. दहा मिनिटांत घरी येणारी लिंबे आणि कोथिंबीर वेळ वाचवतात हे खरे, पण प्रत्येक विसरलेली वस्तू वेगळी पिशवी आणि वेगळी फेरी घेऊन येते. फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली वाणसामानाची यादी आणि महिन्यातून एक मोठी खरेदी यांनी ही वर्दळ पुष्कळ कमी होते. आणि गिरणी अजून आहे. स्टीलच्या डब्यात गहू नेऊन त्याच डब्यात पीठ आणण्याइतका निर्मळ व्यवहार शहरात फार थोडा उरला आहे. ऑफिसातून येता-जाता डबा टाकला, की हा व्यवहार टिकतो.

आता कचरा. भारतीय घरातल्या कचऱ्याचा वजनाने निम्मा किंवा अधिक भाग ओला असतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बाहेर गेला, की डेपोतल्या ढिगाखाली हवेवाचून कुजतो आणि मिथेन तयार होतो. मिथेन पेट घेतो. १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या मुंबईच्या देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीने शहरावर असा धूर पसरवला, की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी खराब झालेल्या विहिरी आणि वर्षानुवर्षांची दुर्गंधी सोसली, आंदोलने केली. शहरातल्या घराने सुटसुटीतपणे दाराबाहेर ठेवलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी उंबऱ्यावर जाऊन थांबते.

ती वाटेत माणसांच्या हातांतूनही जाते. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या संस्थेच्या सभासदांत बायकाच अधिक आहेत. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी साधी मागणी या संस्थेने घरांपुढे ठेवली. ठिपका काढायला एक पेन लागते. ते कचऱ्याच्या बादलीशेजारी दोरीने बांधून ठेवले, तर कुणाच्या तरी आईला उघड्या हाताने ते पुडके सोडावे लागत नाही. घरगुती पर्यावरणाच्या साऱ्या उपायांत याच्याइतका स्वस्त आणि याच्याइतका माणुसकीचा उपाय दुसरा सापडणार नाही.

ओला, सुका आणि घातक असे तीन भाग २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितले. घरात त्यासाठी दोन बादल्या आणि एक खोके पुरते: ओल्याची बादली ओट्याखाली, सुक्याची बादली गॅलरीत, बॅटरी-बल्ब-औषधांचे खोके कपाटावर. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो इवलासा तुकडा कुणालाच वेचता येत नाही. पिशवी विसळून वाळवली की भंगारात तिला भाव मिळतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकत्र असतात. भंगारवाला सहसा त्याला हात लावत नाही, म्हणून ते घरात कमी येईल तेवढे चांगले.

गॅलरीत जागा असेल तर खत होते, आणि ते समजले जाते तेवढे कष्टाचे नाही. भोके पाडलेली वीस लिटरची बादली, तळाशी नारळाच्या शेंड्या, मग ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पानांचा तेवढाच जाड थर आणि विरजणासारखे मूठभर जुने खत. वास येऊ लागला, तर आत ओल जास्त आणि हवा कमी झाली आहे असे समजावे. सुकी पाने वाढवून काडीने हलवले, की वास जातो. दोन-तीन महिन्यांत हाताला लागते ते काळे, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या वासाचे असते. सोसायटीत झाडलोट करून पेटवली जाणारी पाने पोत्यात भरून ठेवली, तर वर्षभर पुरतात, आणि तो एक धूरही टळतो.

कपड्यांच्या बाबतीत जुनी शहरे अधिक समजूतदार होती. बोहारीण दारात बसून जुन्या लुगड्यांच्या बदल्यात पातेले देई, आणि मऊ झालेल्या साड्यांची गोधडी होई. एका सुती टी-शर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी खर्च होते, असा जागतिक वन्यजीव निधीचा अंदाज आहे. ते पाहता असलेला कपडा आणखी दोन वर्षे वापरणे ही मोठीच गोष्ट ठरते. गोधड्या शिवून देणारे महिला बचत गट आजही भेटतात. फाटलेल्या सुती कपड्यांचे हातभर चौकोन कापून ओट्याजवळ ठेवले, की कागदी रुमालांचा रोल विकत आणावा लागत नाही.

हे सगळे करायचे कुणी? बहुतेक घरांत उत्तर न बोलताच ठरते, आणि नोकरी करून आलेल्या बाईच्या कामांत आणखी एक भर पडते. असा बदल टिकत नाही, आणि तो टिकावा अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. कामाला येणाऱ्या मावशींना बादल्यांची नवी मांडणी नीट समजावून द्यावी आणि त्यांना काय सोयीचे पडते ते विचारावे. भांडी आणि केर त्यांच्याच हातांखालून जातात. खत हलवणे आणि गिरणीचा डबा घरातल्या पुरुषांकडे असावा. आठवड्याची रद्दी बांधणे, दुधाच्या पिशव्या वाळत घालणे आणि ‘आधी संपवायचे’च्या कप्प्यात काय आहे ते रात्री मोठ्याने सांगणे, ही कामे आठ-नऊ वर्षांची मुले आनंदाने करतात.