भाकरी आणि पायवाट

मंठाळच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पिकते, तूर पिकते. कलबुर्गीच्या तुरीच्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही लाभले. तरीही आमच्या ताटात दोन्ही वेळा पांढरा भातच वाढला जाऊ लागला होता. २०१३ सालच्या अन्नभाग्य योजनेने गरिबाच्या घरी तांदूळ पोहोचविला, हे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु ज्वारी आम्ही आपण होऊन सोडली.

मग आमच्या थोरल्या वहिनींना मधुमेह निघाला. पायाची जखम महिनाभर भरेना. एकट्या बाईने पथ्य पाळावे व इतरांनी तिच्यासमोर चमचमीत जेवावे, ही तर शिक्षाच! म्हणून साऱ्या घराने ताट बदलले. सडीक तांदळातला कोंडा निघून गेलेला असतो; ज्वारीचे पीठ न चाळता मळले, तर तो भाकरीतच राहतो. मात्र ज्वारीची म्हणून चार भाकऱ्या खाव्यात, असे नव्हे. एक भाकरी, वाटीभर वरण, आणि पालेभाजी भरपूर.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असे पुष्कळजण विचारतात. खुरपणाऱ्या बाईला नसेल. पण बांधापर्यंत मोटारसायकलवर जाणाऱ्या आम्हां पुरुषांचे काय? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम सांगते; म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चालणे. तेवढी वाट शेतापर्यंत आहेच.

वहिनींच्या गोळ्या चालूच आहेत. डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या कोणीही थांबवू नयेत. जखम भरली आहे. वहाणांवाचून त्या आता अंगणातही उतरत नाहीत, आणि रात्री तळपाय निरखून पाहिल्याखेरीज निजत नाहीत.