दिवा लागला, पण फोर-व्हील नाही

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक माझी, ऑफिसला जायची. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसरी १९९८ सालची दणकट एसयूव्ही, ती बायकोची. डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरात, साडेसात हजार फुटांवर एक वृद्धाश्रम आहे, तिथे ती नर्स आहे. बर्फ पडला म्हणून तिथल्या आजी-आजोबांची औषधं चुकवता येत नाहीत. सकाळी सातची पाळी म्हणजे सातचीच. म्हणून तर ही गाडी सांभाळून ठेवलीय.

यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या बर्फात तिने फोर-व्हीलचा लिव्हर ओढला, डॅशबोर्डवर दिवा लागला, आणि शेवटच्या चढावर मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. पुढची नुसती बघत बसली. तिने घाई न करता गाडी रिव्हर्समध्ये खाली आणली, कडेला लावली आणि मागून येणाऱ्या सहकारी बाईंबरोबर वर गेली. त्या रस्त्याला एका बाजूला दरी आहे, त्यामुळे हे वाचताना जितकं सोपं वाटतं तितकं ते नव्हतं.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारून निदान केलं: ट्रान्सफर केस गेलं, चौदाशे डॉलर, दहा दिवस. इकडे पुढच्या गुरुवारी पुन्हा बर्फाचा अंदाज. मधे एकच वीकेंड. म्हंटलं, आधी आपण बघू.

तर मंडळी, ही भानगड चालते कशी ते थोडक्यात सांगतो. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतं. लिव्हर ओढला की ते इंजिनाची ताकद पुढच्या शाफ्टलाही देतं. पण तेवढ्याने पुढची चाकं ओढायला लागत नाहीत. पेट्रोल वाचावं म्हणून पुढच्या ॲक्सलचा एका बाजूचा दांडा मधे तोडलेला असतो आणि दोन तुकडे जोडणारी एक सरकती कॉलर असते. ती जोडली नसेल तर पुढचा डिफरन्शियल आपली सगळी मेहनत त्या मोकळ्या तुकड्याला फिरवण्यात घालवतो. डिफरन्शियलचा स्वभावच तो, जिकडे विरोध कमी तिकडे जायचं.

ती कॉलर सरकवतो व्हॅक्यूम. पेट्रोल इंजिन हवा आत ओढत असतं, त्यामुळे मॅनिफोल्डमधे फुकटचा व्हॅक्यूम तयार होतो. तिथून एक बारीक नळी निघते. ती आधी एका प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. डब्याला एकेरी झडप असते, कारण चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ संपतो, तेव्हा हा साठा कामी येतो. तिथून नळी ट्रान्सफर केसवरच्या छोट्या स्विचकडे, स्विचकडून बॅटरीच्या खाली बसवलेल्या वाटीएवढ्या डबीकडे. डबीत रबरी पडदा. पडदा सरकला की केबल ओढली जाते आणि केबलने कॉलर.

आता गंमत अशी की व्हॅक्यूम काही ओढत बिढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. १० इंच व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस इंचाला जवळजवळ ५ पौंडांचा रेटा. पण ढकलणारी हवाच उंचावर विरळ होते. १६४८ साली पास्कलच्या मेव्हण्याने फ्रान्समधल्या प्वी द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन हेच दाखवलं होतं. दर हजार फुटांना साधारण एक इंच या हिशेबाने, समुद्रकाठी इंजिन नुसतं चालू असताना २० इंच दाखवणारी गाडी डेन्व्हरला १५ दाखवते आणि वृद्धाश्रमापाशी १२-१३. म्हणजे गळतीला जिथे सगळ्यात कमी वाव, नेमकी तिथेच फोर-व्हील लागते.

शनिवारी सकाळी पहिला प्रश्न: ट्रान्सफर केस खरंच गेलंय का? गाडी सपाट जागी, पार्कमधे, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद. टू-व्हीलमधे पुढचा शाफ्ट हाताने फिरतो. लिव्हर फोर-व्हीलमधे टाकला, शाफ्ट घट्ट. मागची चाकं जमिनीवर आहेत, त्यांच्याशी तो जोडला गेला म्हणून हलत नाही. म्हणजे ट्रान्सफर केस आपलं काम चोख करतंय. चौदाशे डॉलर दोन मिनिटांत वाचले :-)

मग दिवा का लागला? कारण आमच्या गाडीत दिव्याची तार ट्रान्सफर केसपासून येते, ॲक्सलपासून नाही. काही गाड्यांत ती ॲक्सलवरच्या स्विचपासून येते, तिथे दिवा खरं बोलतो. आमचा दिवा एवढंच सांगतो की हुकूम सुटला. हुकूम पोचला की नाही हे त्याला ठाऊकच नाही. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. मेसेज पाठवला अशी लॉगमधे नोंद असते, आणि पलीकडचा सर्व्हर तिकडे झोपलेला असतो.

चहा घेऊन आलेल्या बायकोने सहज विचारलं, "अरे, फोर-व्हील घातलं की हीटरची हवा तोंडावरची काचेवर का जाते रे? टू-व्हीलला नाही जात."

हे सोनं होतं. आमच्या गाडीत हीटरच्या झडपाही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. व्हॅक्यूम गेला की हवा आपोआप काचेवर जाते. बिघाड झाला तरी निदान समोरचं दिसावं म्हणून तशी योजना असते. टू-व्हीलमधे हवा जागेवर राहते, म्हणजे इंजिन, डबा, स्विचपर्यंतची नळी सगळं ठीक. फोर-व्हील घातलं, स्विच उघडला की व्हॅक्यूम पडतो. म्हणजे गळती स्विचमधे किंवा त्याच्या पुढे. निम्मी गाडी तपासातून बाद, तीही चहाच्या कपावर.

उरलेल्यासाठी गेज असलेला हातपंप पुरतो. इथली स्पेअर पार्टची दुकानं तो अनामत ठेवून देतात. इंजिन चालू ठेवून गाडीखाली शिरायची गरजच पडत नाही. स्विचचा पुढचा तोटा बोटाने बंद करून मागून १५ इंच ओढले: काटा स्थिर. नळीत लाल तेलही नव्हतं. अशा स्विचमधून ट्रान्सफर केसचं तेल नळीत शिरतं, तसं झालं असतं तर गोष्ट लांबली असती. मग पंप थेट पडद्याच्या डबीला लावला: ८ इंचाला केबल हलली, १० ला पूर्ण ओढली गेली, दोन मिनिटं काटा जागचा हलला नाही. डबीही ठणठणीत. राहिली त्यांच्यामधली नळी. पंप लावला, काटा लगेच शून्यावर.

बॅटरी उचलून तिचा ट्रे काढला. खाली रबराचा एक एल्बो, बॅटरीच्या ॲसिडच्या वाफेने आणि उष्णतेने खडखडीत झालेला, खालच्या अंगाने चिरलेला. वरून बघितलं तर अगदी धडधाकट. नवा एल्बो आणि तीन फूट नळी मिळून दहा डॉलरच्या आत.

जोडून झाल्यावर इंजिन चालू केलं, लिव्हर ओढला. हवा तोंडावरच राहिली. मग रिकाम्या खडीच्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली. पुढची चाकं अडखळायला लागली, म्हणजे कॉलर बसली. गुरुवारी बर्फ पडलाच. पावणेसातला फोनवर एकच शब्द आला, "पोचले."

एक गोष्ट मात्र मनात राहिली. आपल्याकडे रेल्वेला वर्षानुवर्षं व्हॅक्यूम ब्रेक होते. साखळी ओढली किंवा नळी फुटली की नळीत हवा शिरायची आणि ब्रेक आपोआप लागायचे. बिघाड झाला की गाडी थांबायची, सगळ्यांना कळायचं. आमच्या गाडीच्या फोर-व्हीलला तशी सोय नाही. म्हणून नळी चिरली की ते गुपचूप सुटतं, आणि हे कळतं थेट चढावर.

तेव्हा अशी जुनी गाडी असेल तर बर्फाची किंवा चिखलाची वाट बघू नका. महिन्यातून एकदा खडीवर नेऊन फोर-व्हील घाला, गोल फिरवा, चाकं अडखळतायत का बघा. आणि फोर-व्हील घातल्यावर हवा कुठे जातेय, तेही. दिव्याचं काय, तो लागतोच.